ऐकायची एकच खुर्ची

गाणी ऐकायचा चौथा सेट आला तेव्हा दादांनी बैठकीतला सोफा बाहेर काढायला लावला. सोफ्याचं कापड आवाज पितं, असं सल्लागाराने सांगितलं होतं. सल्लागार हे नाव त्याने स्वतःच लावून घेतलेलं. करायचा तो दुकानदारीच, पण विकतो म्हटलं की लोक भाव करतात, सल्ला देतो म्हटलं की गप्प पैसे काढतात, एवढं त्याला कळत होतं. आणि दादांसारखं गिऱ्हाईक त्याच्या उभ्या जन्मात दुसरं आलं नसणार. तीन वर्षांत चार सेट. शेवटच्या सेटच्या नुसत्या वायरीत दादांच्या कारखान्यात पत्रा कापायचं एक जुनं मशीन आलं असतं.

तर सोफा गॅलरीत गेला. त्याच्या जागी खोलीच्या मधोमध एक खुर्ची आली, उंच पाठीची, चामड्याची. दोन्ही स्पीकर बरोबर तिच्याकडे तोंड करून उभे, पुरुषभर उंचीचे. सल्लागाराने टेपने मोजून खुर्चीच्या चारी पायांशी जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या होत्या.

"इथेच बसायचं, साहेब. वीतभर सरकलात तरी मजा गेली."

"आणि बाकीच्यांनी?" वहिनींनी दारातून विचारलं.

"बाकीच्यांना पण ऐकू येईल की, मॅडम. फक्त ते... तसं नाही येणार."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून प्लास्टिकच्या खुर्च्या आणून मागच्या भिंतीला ओळीने लावल्या. दवाखान्यात नंबर लावून बसतात तशा. नवरा नव्या सेटच्या पेट्या उघडताना दोन दिवस कसा लहान मुलासारखा होतो ते त्यांनी तीनदा पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी तोच माणूस खुर्चीत मान एकीकडे कलती करून बसायचा, भुवया आवळायचा आणि म्हणायचा, वरचा सूर येत नाही. मग महिनाभर घरात कुणाशी धड बोलणं नाही. समाधान नावाची वस्तू या माणसाला कुठल्या दुकानात मिळणार, हे वहिनींना कळेनासं झालं होतं, आणि आता त्यांना त्याची चीडही यायची बंद झाली होती. निदान त्यांना तसं वाटत होतं.

अकरा वाजता वरच्या मजल्यावरून माई उतरल्या, दादांच्या धाकट्या भावाचा हात धरून. माई धाकट्याकडे राहत. धाकटा आईला खुर्चीत बसवून स्वतः उभाच राहिला.

"बस ना," दादा म्हणाले.

"बसायला नाही आलो. तात्यांच्या घरी जाऊन आलो सकाळी."

दादांनी सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागाराने लगेच एका वायरीत डोकं घातलं.

"आधी हे ऐकू. मग बोलू."

"तीन आठवडे तू मग बोलू म्हणतोयस, दादा! बावीस वर्षं माणूस आपल्या प्रेसवर उभा राहिला. त्याला तू सगळ्यांसमोर चालता हो म्हणालास. का? तर माल खराब निघाला म्हणून."

"मी डाय ऐकली होती. डाय चांगली होती."

"चांगली होती तर अख्खा माल परत कसा आला? प्रत्येक ब्रॅकेटला बर होती. बोट कापेल अशी धार!"

"तात्यांनी पत्रा वाकडा लावला. कामात लक्ष नाही राहिलं त्यांचं. म्हणून काढलं."

"ते आधीच सांगत होते, डाय बोलायला लागलीय, घासून घेऊ. तू कान लावलास आणि म्हणालास, चालू द्या."

"हो, म्हणालो! पस्तीस वर्षं त्या डाय मी ऐकतोय. आणि तात्या मला शिकवणार?"

आता हे डाय ऐकणं म्हणजे काय, ते या घराबाहेरच्या माणसाला सांगूनही खरं वाटत नाही. अण्णांच्या, म्हणजे या दोघांच्या वडिलांच्या, शेडमध्ये सहा पॉवर प्रेस होते. डाय म्हणजे पत्रा कापणारा पोलादी साचा; त्याचे पत्र्यावर दिवसभर दणके. डायची धार गेली की त्या दणक्याच्या शेपटाला एक बारीक चिर्र असा आवाज येतो. तो ज्याला ऐकू येतो त्याने मशीन थांबवायचं, डाय घासायला पाठवायची. दुसऱ्या कारखान्यांत ठोके मोजून डाय बदलत. अण्णा त्याला हसायचे. त्यांच्या शेडमध्ये कानात कापसाचा बोळा घालून कुणी दिसला की ते स्वतः जाऊन तो उपटून काढत. "कान झाकून काम करायचं तर बँकेत नोकरी धर," म्हणायचे. त्यांची पाठ वळली की तात्यांसारखे काही जण तो पुन्हा घालत. पण दोन्ही मुलांना सतराव्या वर्षी त्यांनी उघड्या कानांनी प्रेससमोर उभं केलं. आणि थोरल्याचा कान असा तयार झाला की शेडच्या दुसऱ्या टोकाला चहा पिता पिता तो ओरडायचा, चार नंबर बंद करा. अण्णा आलेल्या गेलेल्याला हे कौतुकाने सांगत. दादांच्या अंगाला ते कौतुक जे चिकटलं ते चिकटलंच.

"मी स्वच्छ सांगतो," धाकटा म्हणाला. "तात्या उद्या कामावर परत येतील, आणि तू त्यांची माफी मागशील. नाहीतर शेडची वाटणी. तीन प्रेस तुझे, तीन माझे. मी वकिलाशी बोललोय."

माईंनी डोळे मिटून घेतले.

"वकिलाशी!" दादा म्हणाले. "आईला हाताला धरून खाली आणलंस ते हे ऐकवायला?"

"तिला ठाऊक आहे. आणि पैशाचं म्हणशील तर, मशीनला आवाज दाबणाऱ्या पेट्या बसवू म्हणून दोन वर्षं तुझ्यामागे लागलोय मी. पोरं घरी जातात तेव्हा त्यांची डोकी दणाणत असतात. तेव्हा तुझ्याकडे पैसे नव्हते. हे बघ, इथे उभे आहेत ते पैसे!" त्याने स्पीकरवर थाप मारली. सल्लागार कळवळला.

"हात लावू नकोस!"

"बाबा, काका, पुरे आता." चिमणी आतून आली. ती दादांची मुलगी, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिने दोघांच्या मधून जाऊन आजीशेजारची खुर्ची धरली. "लावा हो ते तुमचं. एकदाचं होऊन जाऊ दे."

सल्लागाराने देवाचे आभार मानले असावेत. त्याने बटण दाबलं.

व्हायोलिन सुरू झालं आणि चिमणीने दोन्ही हात कानांवर नेले. माईंनी तोंड कडू केलं. ताटावर कुणी खिळा ओढावा तसं काहीतरी त्या वाद्यातून येत होतं. सल्लागार स्वतःसुद्धा ओठ दाबून उभा होता. साहेबांच्या फर्माइशीवरून वरचे सूर त्याने जितके उचलता येतील तितके उचलले होते, आणि अशा गोष्टींवर वाद घालायचा नसतो हे तो धंद्यात फार लवकर शिकला होता.

दादांनी मात्र मान कलती केली. अण्णांनी प्रेसवर उभं केलं त्याच्या आदल्या वर्षी शेजारच्या गल्लीत एक बाई व्हायोलिन वाजवायची. खिडकी उघडी असली की गज तारेला लागतानाचा तो करकरीत, जिवंत आवाज आधी यायचा आणि मग सूर. दादांना सुराहून ती करकर आवडायची. त्यात माणूस वाजवतोय हे कळायचं. शेडमध्ये आयुष्य गेलं, हातात पैसा आला, आणि त्यांनी ठरवलं की आता आपण ती करकर पुन्हा ऐकणार. कुणी दागिने करतं, कुणी बंगले बांधतं. त्यांना फक्त एवढंच हवं होतं. आणि चौथ्यांदा, या खुर्चीत, व्हायोलिन त्यांना दुलईच्या आतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "नाही येत. बंद करा. काय विकलंत मला? एवढे पैसे ओतून वरचा सूर नाही!"

"साहेब, वरचं सगळं फुल आहे. याहून..."

"मग मला का येत नाही?"

सल्लागाराला घाम फुटला. उरलेले पैसे आज मिळायचे होते. मग त्याला एकदम काहीतरी सुचलं आणि त्याने बॅगेतून एक डिस्क काढली. त्या डिस्कवर गाणं नव्हतं. एकच सूर होता, खालून निघून शिट्टीसारखा वर वर चढत जाणारा, माणसाच्या कानाला जिथवर पोचतो त्याच्याही पुढे.

"सेट वरचा सूर देतो की नाही, आत्ता कळेल. सगळ्यांनी हात वर करा. ऐकू येतंय तोवर वर ठेवायचा. थांबलं की खाली."

माई म्हणाल्या, "मी कशाला?" पण चिमणीने त्यांचा हात धरून वर केला. वहिनींनी केला. धाकट्याने वैतागून केला. दादांनी खुर्चीत बसल्या बसल्या, मागे न बघता, केला.

सूर निघाला. चढत गेला. माणूस दमून थांबेल तिथे न थांबता चढत गेला. मग तो बारीक झाला आणि संपला. दादांनी हात खाली घेतला.

"बघा. इथेच संपतो," ते म्हणाले. "कुठे आहे वरचा सूर?" आणि ते मागे वळले.

मागच्या भिंतीशी चिमणीचा हात वर होता. वहिनींचा हात वर होता. सल्लागाराचा होता. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माईंचासुद्धा वर होता. धाकट्याचा नुकताच खाली आला होता.

"हात खाली घ्या," दादा म्हणाले. "संपलं ते."

"अजून आहे की," माई म्हणाल्या.

"काही नाहीये, माई."

"आहे रे. डासासारखं. आता... आता थांबलं." त्यांनी हात खाली घेतला. मग वहिनींचा आला. मग कितीतरी वेळाने चिमणीचा.

दादा उठले. "थट्टा करताय माझी? सगळे मिळून ठरवून आलात वरून?"

"साहेब, कधी कधी खुर्चीच्या जागेवर आवाजाचा खळगा पडतो," सल्लागार घाईघाईने म्हणाला. "भिंतीला पॅनेल लावले की जातो. माझ्याकडे आहेत पॅनेल."

"चिमणे, तू बस इथे," दादा म्हणाले.

ती त्या चामड्याच्या खुर्चीत बसली. दादा भिंतीशी तिच्या प्लास्टिकच्या खुर्चीत. पुन्हा डिस्क. पुन्हा सूर चढला आणि दादांच्या लेखी तिथेच संपला, अगदी त्याच पायरीवर. मग खोलीत फक्त शांतता होती आणि त्या शांततेत मुलीचा हात वर होता. तिने बापाकडे पाहिलं. ते पाहून तिला हात खाली घ्यावासा वाटला, खोटाच. तिने घेतला नाही.

मग धाकटा बोलला, आणि त्याला किती आनंद झाला होता ते लपत नव्हतं.

"म्हणजे तात्यांना ऐकू आलं होतं. डाय बोलत होती. बहिरा तू होतास! आणि त्या माणसाच्या पोटावर पाय दिलास!"

"तोंड सांभाळ."

"का? पुन्हा म्हणू? जोरात म्हणू, ऐकू येईल असं?"

"भावोजी," वहिनी म्हणाल्या. "तुमचा हात कधी खाली आला?"

धाकटा वहिनींकडे वळला.

"मी बघत होते. यांच्या मागोमाग. माईंच्या कितीतरी आधी. माई तुमच्यापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी मोठ्या आहेत."

धाकट्याने हात कानाकडे नेला, नकळत, आणि कुणी पाहील म्हणून केसांतून फिरवला. केबिनमध्ये वकील खाली बघून पुटपुटत होता आणि आपण तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा वैतागला, ते त्याला आठवलं. वकील शिष्ट आहे असं त्याने घरी येऊन सांगितलं होतं. मग त्याचा राग उफाळला, पण आता तो भावावर नव्हता.

"अण्णा," तो म्हणाला. "अण्णांनी केलं हे. बोळे उपटायचे आमच्या कानांतले!"

"त्यांचं नाव घेऊ नकोस," दादा ओरडले. "त्यांचा कान शेवटपर्यंत..."

"शेवटपर्यंत काय?" माई म्हणाल्या.

माई कधी आवाज चढवत नसत; आज चढवला होता.

"मी तुमच्या अण्णांना तीन तीनदा हाका मारायचे. हा माणूस मागे वळून बघायचा नाही. मला वाटायचं, पैसा आला आणि बायको नकोशी झाली. दहा वर्षं मी मनात त्यांना शिव्या दिल्या. माहेरी जाऊन सांगितलं, की माझा नवरा घमेंडखोर आहे." त्यांनी पदराने ओठ पुसले. "आणि ते मला काय म्हणायचे, ठाऊक आहे? म्हणायचे, तू हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतेस."

वहिनींनी माईंकडे पाहिलं. मग त्या चार पावलं चालून नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या, स्पीकरांकडे पाठ करून.

"तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं तुम्ही मला हेच सांगताय. तू पुटपुटतेस. नीट बोल. शब्द खातेस. मी आरशासमोर उभी राहून बोलून बघितलं, अहो! दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले, जीभ जड झालीय का बघा म्हणाले. तो हसला मला. मग मी बोलणंच कमी केलं. चहा हवा का, जेवायला या, एवढंच. आणि तुम्हाला वाटलं, घर शांत झालं."

"मला काय माहीत?" दादा म्हणाले. आवाज चढलेलाच होता. कमी कसा करायचा ते त्यांना त्या क्षणी जमेना. "मला कसं कळणार? ऐकू येत नाही ते ऐकू येत नाही हे माणसाला कळणार कसं?"

"कानाच्या डॉक्टरकडे गेलं की कळतं! मी म्हटलं होतं. दोनदा. तुम्ही म्हणालात, माझा कान अख्ख्या गावाला माहीत आहे. आणि दुसऱ्या दिवशी याला फोन केलात." त्यांनी सल्लागाराकडे बोट केलं. "याच्याकडून स्पीकर घेतलेत, वायरी घेतल्यात, खुर्ची घेतलीत. बायकोचं बोलणं येत नाही त्याचं काही वाटलं नाही. व्हायोलिन येत नाही म्हणून घर डोक्यावर घेतलंत!"

दादांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते रागाचं होतं की कशाचं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, आणि सापडला त्याच्यावर ओरडले.

"उचला हे सगळं! आत्ताच्या आत्ता!"

"साहेब, पेट्या फोडल्यावर कंपनी परत घेत नाही..."

"मग तुम्ही चला!"

सल्लागाराने बॅग उचलली. उरलेल्या पैशांचं विचारायला तो दारात क्षणभर घुटमळला आणि चिमणीचा चेहरा पाहून न विचारताच गेला. डिस्क मशीनमध्येच राहिली.

दादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. शेडमध्ये पोरांसमोर ते तात्यांना काय काय म्हणाले होते ते आता त्यांना शब्दाशब्दाने आठवत होतं. तात्यांनी तेव्हा काहीतरी उत्तर दिलं होतं. ओठ हललेले त्यांनी पाहिले होते. काय उत्तर दिलं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तेव्हा ते विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"वकिलाला काय सांगू?" धाकट्याने विचारलं. चढा सूर त्याच्या गळ्यातून गेला होता, पण प्रश्न त्याने सोडला नव्हता.

दादांनी मान वर केली.

"मी जातो तात्यांकडे," दादा म्हणाले. "आत्ता जातो. पाया पडायला सांगतील तर पडतो. उद्यापासून ते मशीन थांबवतील तेव्हा थांबेल, मला न विचारता. आणि पेट्या बसव सगळ्या मशीनना. हे विकून जे येईल ते त्यात घाल." ते उठले, किल्ल्या शोधू लागले. "बाकी वाटणीचं तू बघ तुला काय करायचं ते."

माईंनी धाकट्याचा हात धरून ठेवला होता.

दादा दारापाशी पोचले तेव्हा वहिनी चप्पल घालून तिथे उभ्या होत्या.

"तू कशाला? माझं मी बघतो. माफी मलाच मागायचीय."

"माफी मागा तुम्ही," त्या म्हणाल्या. मग जवळ आल्या, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करत, मोठ्याने म्हणाल्या, "तात्या हळू बोलतात. ते काय म्हणाले, ते तुम्हाला कोण सांगणार?"